नऊ कोऱ्या चाली

लीड मास्तर गिटार वाजवायला बसले की आधी दिशा शोधायचे. वायर जोडली, स्टूल ओढला, तळहात ठेवून तारा गप्प केल्या, की मान तिरकी करून, डोळे मिटून ते स्टुलावरच इंच इंच फिरत राहायचे. नवखा माणूस बघून घाबरेल असा तो प्रकार होता. जुन्या पद्धतीच्या गिटारीत आजूबाजूच्या मोटारींची, ट्यूबलाइटची घूं घूं शिरते, आणि गिटारीचं तोंड कुठल्या बाजूला आहे त्यावर ती कमी-जास्त होते. ती जिथे सगळ्यात कमी, तिथे मास्तर थांबायचे आणि मग तिथून हलायचे नाहीत. तुमसरला आमच्या घराच्या वरच्या खोलीत ती जागा निघाली दक्षिणेला, लोखंडी कपाटासमोर. त्यामुळे मास्तरांचं माझ्याकडचं सगळं रेकॉर्डिंग त्यांनी कपाटाच्या आरशात स्वतःकडे बघत केलेलं आहे.

माझ्या आईला ते बघवायचं नाही. एकदा चहा घेऊन वर आली आणि दारातच थबकली.

"मास्तर, दक्षिणेकडं तोंड करून काहून बसता जी? बरं नसते थे."

"वयनी, पूर्वेले राईस मिल हाये, उत्तरेले तुमचा फ्रीज हाये. मी कुठं जाऊ?"

पुढच्या वेळेपासून मास्तर आले की आई फ्रीज बंद करू लागली. दोनदा दूध नासलं. मास्तर तरी दक्षिणेलाच बसले, कारण मिलची घूं घूं उत्तरेकडेही यायची आणि मिल काही आईच्याने बंद होणार नव्हती.

त्यांचं खरं नाव मला पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, आणि त्या नाटकांच्या पार्ट्यांमध्ये प्रत्येक वादक आपल्या वाद्यानेच ओळखला जातो. ऑर्गनवाला ऑर्गन मास्तर, तबलेवाला तबला मास्तर. हे लीड गिटार वाजवायचे म्हणून लीड मास्तर. घर मोहाडीचं, विणकराचं. धाकट्या भावाने माग धरला आणि यांनी गिटार धरली, तेव्हा वडील म्हणाले होते म्हणे, "हजार तारांवर आपलं पोट भरत नाई, तू सहांवर भरून राहिला?" मास्तर ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगायचे. पोट भरलं की नाही हे मात्र सांगायचे नाहीत. लग्न त्यांनी केलं नाही. भावाच्याच घरी राहिले.

मास्तरांची खरी मिळकत म्हणजे पडद्याच्या चाली. नाटक सुरू व्हायच्या आधी, लोक सतरंज्या पसरून जागा धरत असतात, लेकरं रडत असतात, तेव्हा पडद्यामागून एक वाद्यांची चाल वाजते. ती संपली की पडदा उघडतो. प्रत्येक पार्टीची चाल वेगळी. मास्तरांनी तीसेक वर्षांत नऊ पार्ट्यांना नऊ चाली बांधून दिल्या. त्यातल्या काही पार्ट्या बुडाल्या, काहींनी गिटारवाला काढून कीबोर्डवाला ठेवला, आणि चाली मास्तरांच्या बोटांत तशाच राहिल्या. कोणीही कधी रेकॉर्ड केल्या नव्हत्या.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नागपूरला नोकरी केली, ती सोडून घरी आले आणि वरच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ काढला. नातेवाइकांनी यथाशक्ती हसून घेतलं. नाटकांची गाणी, भजनी मंडळं, लग्नाचे व्हिडिओ, जे येईल ते मी करायची. मास्तर पहिल्यांदा आले ते एका नाटकाच्या गाण्यात दोन ओळींचं लीड वाजवायला. मी त्यांना ते ऐकवलं आणि लहान पोर शाबासकीसाठी बघतं तशी बघत उभी राहिले. ते म्हणाले, "चालते." मला रागच आला. नंतर कळलं की मास्तरांच्या शब्दकोशात याच्या वर शब्दच नाही. चांगलं जेवण चालते, लताबाईंसारखा गोड गळा चालते, भावाच्या मुलीला पोलिसात नोकरी लागली तीही चालते.

नवीन तारा विकत घेणं त्यांना उधळपट्टी वाटायची. आवाज मेलेल्या जुन्या तारा ते काढायचे, गुंडाळायचे आणि पातेल्यात सोडा टाकून उकळायचे. मळ निघतो, दहा-पंधरा दिवस आवाज परत येतो. हे खरं आहे, मीही करून पाहिलं. पण मास्तरांच्या भावजयीचा त्यावर राग होता, कारण पातेलं दुधाचं होतं. "घरात माणसं वरणभात खाते, हे तारा शिजवते," असं ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली. मास्तरांनी शांतपणे उत्तर दिलं, "वरण रोज शिजते. तारा पंधरा दिवसांतून एकदाच शिजते."

आणि त्यांचा डब्बा. डब्बा म्हणजे त्यांचा अँप्लिफायर, काचेच्या वॉल्व्हचा, तरुणपणी एका रेडिओ मेकॅनिककडून बनवून घेतलेला. सागाच्या फळ्यांचं खोकं, पुढे सुताचं जाड कापड, आणि ते कापड घरच्या मागावरचं. मास्तरांचं म्हणणं असं की गिटार कोणतीही चालते, बोलतो तो डब्बा. मी आयुष्यात तो आवाज ऐकलेला नव्हता. माझी त्यांची ओळख व्हायच्या आधीच्याच हंगामात एका गावी जनरेटरचा दाब वाढला आणि डब्ब्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जळाला. तुमसरला मिलच्या मोटारी भरून देणाऱ्या कारागिराने तो उघडला, आतले कागदासारखे पातळ थर पाहिले आणि हात जोडले. तेव्हापासून डब्बा मोहाडीला पलंगाखाली होता, आणि मास्तर ज्याच्या त्याच्या अँपवर परक्या घरी जेवल्यासारखे वाजवायचे.

त्यांना रीअँपिंग मी दाखवलं. आज वाटतं, नसतं दाखवलं तर बरं झालं असतं. प्रकार साधा आहे. गिटारीतून जो मुळातला बारीक, कोरडा आवाज निघतो तो अँपला न लावता तसाच कॉम्प्युटरमध्ये साठवायचा. मग हवं तेव्हा, वर्षानेसुद्धा, तो बाहेर काढायचा, एका छोट्या डबीतून अँपमध्ये सोडायचा, आणि अँपसमोर माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड करायचा. डबी कशाला, असं मास्तरांनी विचारलं. मी सांगितलं की अँपला वाटलं पाहिजे की गिटारच लावली आहे.

"म्हणजे अँपले फसवतेस तू."

"हव."

"मंग थो फसते?"

त्यांनी नुकतंच वाजवलेलं मी माझ्या लहानशा अँपमधून सोडलं. मास्तर हाताची घडी घालून समोर उभे राहिले. गिटार कोपऱ्यात टेकलेली, आणि अँपमधून त्यांचाच हात वाजतोय. मग ते खाली मांडी घालून बसले.

"चाळीस वर्सं झाले बाई," ते म्हणाले, "मी माह्या समोर कधी नाई बसलो. नेहमी मांगंच उभा राह्यलो."

त्या दिवशी त्यांनी माझा दीड तास घेतला. हात मोकळे होते, म्हणून एक बटण फिरवून ऐकायचं, दुसरं फिरवून ऐकायचं. माइक सरकवताना माप बोटांचं. "एक बोट डावीकडं. अर्धं बोट मांगं. आता राहू दे." मला फरक ऐकू यायचा तो तिसऱ्यांदा ऐकल्यावर, त्यांना माइक हलतानाच यायचा. कोरड्या आवाजाला मी 'ड्राय' म्हणत होते. ते म्हणाले, कोरं म्हण. घरी मागावर जायच्या आधीचं, न रंगवलेलं सूत कोरं असतं, त्याच्यावर पाहिजे तो रंग चढतो. तेव्हापासून आमच्यात तोच शब्द झाला.

पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मास्तरांच्या हातून पिक, म्हणजे तारा छेडायची प्लॅस्टिकची चकती, पडलं. त्यांनी उचललं, पुन्हा पडलं. लोकांनी काही बघितलं नाही, पण मास्तर घाबरले. नागपूरच्या डॉक्टरने हात उघडमीट करायला लावला, चालायला लावलं, आणि सांगितलं की नसांचा आजार आहे, गोळीने हळू होईल, थांबणार नाही. हे सगळं मास्तरांनी मला माझ्या खोलीत कपाटाकडे बघत सांगितलं. मग म्हणाले, "हात आज हाये. डब्बा आज नाई. तुही युक्ती मले आता कामाची हाये."

म्हणजे असं ठरलं: नऊच्या नऊ चाली कोऱ्या रेकॉर्ड करून ठेवायच्या, हात आहे तोवर. डब्बा जेव्हा केव्हा दुरुस्त होईल तेव्हा त्यातून सोडायच्या. हाताची घाई, आवाजाची सवड. दुसऱ्या कोणत्याही आजारी वादकाला हे साधलं नसतं, आणि ही गोष्ट माझ्या हातून होतेय याचा मला, खोटं कशाला बोलू, फार गर्व झाला होता.

मिलला बुधवारी सुट्टी असायची, म्हणजे घूं घूं कमी. मास्तर बुधवारी मोहाडीहून बसने यायचे. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने त्यांचा हात उघडायचा आणि दीड तासाने मिटायला लागायचा. तेवढ्यात जे होईल ते. कधी एका बुधवारी एक चाल, कधी चालीचा एक तुकडा, कधी नुसताच चहा. हात मिटायला लागला की ते गिटार मांडीवर आडवी ठेवून म्हणायचे, "दुकान बंद झालं." आणि प्रत्येक वेळी जिना उतरताना एकच विचारणं: "कोरं ठेवलं नं बाई?" मी म्हणायची, ठेवलं. तीन महिने लागले. नववी चाल संपली त्या दिवशी त्यांनी ती सलग ऐकली, चालते म्हणाले, आणि आरशात बघून केस नीट केले.

तात्पुरतं ऐकायला मी त्या चालींवर कॉम्प्युटरमधल्या नकली अँपचा आवाज चढवून दिला होता. मास्तरांना तो आवडला नव्हता. "पाहुण्यासारखा बसून राह्यला हा आवाज. घरचा नाई वाटत." मी म्हटलं, तात्पुरता आहे.

आता माझी करणी सांगते. माझा कॉम्प्युटर जुना. नकली अँप चालवताना तो धापा टाकायचा, म्हणून मी नऊही चाली त्या नकली आवाजासकट पक्क्या करून घेतल्या आणि कोऱ्या फायली कामाच्या यादीतून काढून बाजूला ठेवल्या. डिस्कवर त्या होत्याच, फक्त यादीत नव्हत्या. मग दिवाळी आली, हंगाम आला, चार पार्ट्यांची गाणी एकदम आली. एके दुपारी डिस्क भरली म्हणून मशीन अडलं. त्यात एक सोय असते, न वापरलेल्या फायली काढून टाकण्याची. मशीनने विचारलं, नक्की? माझ्या एका हातात पोह्याची बशी होती. मी दुसऱ्या हाताने हो म्हटलं. भरपूर जागा झाली. इतकंच करून थांबले असते तरी वाचले असते, पण मला शिस्तीची फार हौस. त्याच संध्याकाळी मी जपून ठेवलेली दुसरी डिस्क लावली आणि तीही पहिलीसारखी करून घेतली, म्हणजे तिच्यातूनही त्या गेल्या. आणि नीटनेटकं काम केल्याच्या समाधानात झोपले.

पाच महिन्यांनी मास्तरांचा फोन आला. गोंदियाच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने डब्ब्याचा ट्रान्सफॉर्मर हाताने पुन्हा गुंडाळला होता. "बोलून राह्यला बाई, डब्बा बोलून राह्यला!" मास्तर फोनवर ओरडत होते. "येत्या बुधवारी आणतो." मी चाली उघडल्या, कोऱ्या फायली शोधल्या, आणि मला कळलं.

मी डिस्क घेऊन नागपूरला गेले. पुसलेल्या फायली परत काढून देणारा माणूस चांगला होता, त्याने दोन दिवस लावले. फायलींची नावं परत मिळाली. पडदा एक, पडदा दोन, नऊपर्यंत सगळी. एक उघडली तर आत दुसऱ्याच नाटकाचा ढोलक होता. हंगामाची गाणी त्याच जागेवर जाऊन बसली होती. त्याने मला पाणी दिलं. मी रडत नव्हते, तरी दिलं.

बुधवारी मास्तर ऑटोने आले. इस्त्रीचा शर्ट, शेजारी भाऊ, मांडीवर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला डब्बा. गेल्या वेळेपेक्षा ते बरेच वाकले होते आणि उजवा हात खिशात होता. जिन्यात आईला म्हणाले, "वयनी, आज फ्रीज चालू ठेवा. आज मी वाजवतच नाई, आयकाले आलो." आई हसली. मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मनात असं की आधी लावून तर बघू, कदाचित नकली आवाज डब्ब्यातून जरा झाकला जाईल, कदाचित चालून जाईल. शरम माणसाला किती मूर्ख करते ते मला त्या दिवशी कळलं. मी ते पक्के केलेले, आधीच रंगवलेले आवाज डबीतून डब्ब्यात सोडले.

चिखल झाला. एका अँपच्या वर दुसरा अँप, दुसरं काय होणार? मास्तरांनी बटण फिरवलं. माइक एक बोट सरकवला. दोन बोटं मागे घेतला. पुन्हा बटण. त्यांच्या कपाळावर घाम आला. तासभर ते त्या डब्ब्यासमोर मांडी घालून झगडत होते, आणि मी मागे खुर्चीत बसून बघत होते. शेवटी त्यांनी डब्बा स्वतःच बंद केला.

"गोंदियावाल्यानं तार बदलवली असन," भाऊ म्हणाला.

"नाई रे. त्याचा काई दोष नाई." मास्तर माझ्याकडे वळले. "असंच होते बाई. इतके वर्सं आयकला नाई तं मनातच वाढवून ठेवला म्या थो आवाज. डब्बा असाच असन पयलेपासून. माह्या कानालेच गोड लागे."

 डब्बा मीच उचलून जिन्याने खाली नेला आणि ऑटोत ठेवला. मास्तरांनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, तुहा बुधवार खराब झाला.

अकरा दिवस मी गप्प राहिले. अकरा दिवस जेवले, झोपले, लोकांची गाणी केली. बाराव्या दिवशी मास्तरांच्या भावाचा फोन आला. बाई, दादा म्हणते डब्बा भंगारात देऊन टाक. घरात जागा खाऊन राह्यला म्हणते. देऊ का? तुले काई कामाचा असन तं सांग.

मी स्कूटी काढली आणि मोहाडीला गेले. मास्तर पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते, बाजूला भाऊ मागावर. मी चप्पलही न काढता दारातच सांगायला लागले, कारण बसले असते तर सांगितलं नसतं.

"मास्तर, कोऱ्या फायली नाईत. माह्या हातानं पुसल्या गेल्या. दिवाळीतच. तुमी आले त्या दिवशी जे वाजलं, थे पयलेच रंगवलेलं होतं, कॉम्प्युटरच्या आवाजाचं. मले मालूम होतं. मी बोलली नाई."

माग थांबला.  मी शिव्यांची वाट बघत होते, मला त्या हव्या होत्या.

"म्हणजे," ते म्हणाले, "डब्बा चांगला हाये?"

"डब्बा चांगला हाये."

"आन् माहे कान?"

"कानबी चांगले हाये मास्तर. तुमाले जे खराब वाटलं, थे खराबच होतं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. "आयकलं का रे?" ते भावाला म्हणाले. "डब्बा चांगला हाये! म्या म्हटलं म्हातारपणी डोक्शातून गेलो मी." ते हसायला लागले. भाऊही हसला. भावजय आतून काय झालं म्हणून बाहेर आली. मग हसता हसता मास्तर थांबले. बाकीचं त्यांच्यापर्यंत तेव्हा पोचलं.

"सगळ्या नवबी?"

"नवबी."

त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि मांडीवर ठेवला. तो तिथे आपोआप थरथरत राहिला. "रंगवलेलं सूत परत कोरं नाई होत बाई," ते म्हणाले. "हे तं आमच्या घरी लेकरालेबी मालूम हाये." त्यात राग नव्हता. मला समजावून सांगावं तसं ते बोलले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी माफी मागितली तरी त्याने काय होणार होतं ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मग त्यांनी भावाला डब्बा काढायला सांगितला. गिटार जोडली. त्यांनी पिक धरून पाहिलं, ते पडलं. दुसऱ्यांदा धरलं नाही. गिटार माझ्याकडे सरकवली.

"मले येत नाई मास्तर."

"वाजवू नको. जाडी तार छेड फक्त. मोकळी."

मी पलंगाच्या काठावर बसून ती एक जाडी तार छेडली. मास्तर खाली उतरून डब्ब्यासमोर बसले आणि डाव्या हाताने बटणं फिरवू लागले. मी छेडत होते, ते फिरवत होते. सहा-सात वेळा नुसता तारेचा आवाज आला. नंतरच्या वेळी काय झालं ते मला लिहिता येत नाही. तीच एक तार, पण ती आधी खोलीत भरली, मग छातीत, आणि संपताना कुणीतरी शेवटचा शब्द हळू बोलावा तशी संपली. गाद्या लावलेल्या खोलीत बसून इतकी वर्षं मी ज्याला गिटारीचा आवाज म्हणत होते, तो हा नव्हता.

"हा," मास्तर म्हणाले. "हाच होता. थांबू नको बाई."

मी थांबले नाही. बोट दुखायला लागलं तरी तीच तार छेडत राहिले, आणि मास्तर स्वतःच्याच समोर बसून ऐकत राहिले. माझ्याजवळ त्या दिवशी माइक नव्हता, मशीन नव्हतं, काही नव्हतं. फोन पर्समध्ये होता, पण तो काढायची माझी हिंमत झाली नाही.

नंतर मी त्यांना म्हटलं होतं की दुसऱ्या कोणाकडून चाली बसवून घेऊ, डब्ब्यावर वाजवून घेऊ. ते नको म्हणाले, दुसऱ्याचा हात काहून पायजे? मी त्यांना भेटायला जात राहिले. ते तुमसरला पुन्हा आले नाहीत. पुढे पुढे घासही भावजय भरवायची, आणि मास्तर तिला म्हणायचे, चालते. थंडीत छातीत कफ भरला आणि चार दिवसांत गेले.

डब्बा आता माझ्याकडे आहे. भावाने स्वतः आणून दिला. पार्ट्यांची पोरं त्यातून आवाज काढतात आणि खूश होऊन जातात, मला मात्र त्यातून तो आवाज काढता आलेला नाही. मी आता काहीही पुसत नाही. भजनी मंडळाची पेटीसुद्धा कोरी ठेवते, तीन डिस्कांवर, आणि लोक हसतात.

तेरवीचं सांगायचं राहिलं. भावाने पेन ड्राईव्ह मागितला होता. मांडवात लावू म्हणाला, दुसरं आहे काय आपल्याकडे. मी त्या नऊ चाली दिल्या, नकली आवाजाच्या, त्या तेवढ्याच होत्या. जेवणाच्या पंगतीआधी त्या मोठ्या स्पीकरवर लागल्या. समोर मास्तरांचा फोटो, त्याला हार. झाडीपट्टीतले कितीतरी जुने लोक आले होते. तिसरी चाल सुरू झाली तसे एक म्हातारे नट खुर्चीवरून उठले. याच चालीवर ते वीस वर्षं पडद्यामागे तोंडाला रंग लावून उभे राहिले होते. ते माझ्याजवळ आले, डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुहे उपकार हाये. कसा धरून ठेवला मास्तरचा आवाज. थोच डब्बा, थोच मास्तर. हुबेहूब."

मी फोटोकडे पाहिलं नाही. भावाकडेही पाहिलं नाही.

"हव जी," मी म्हटलं, "हुबेहूब हाये."